धुराड्याला आवाज नव्हता

'चिमणी' या एका शब्दाकडून मराठीने फार कामं करून घेतली आहेत. पहिली चिमणी म्हणजे पक्षी, ती अस्सल आपली. दुसरी गिरणीची, गिरणगावाच्या आकाशात उभी राहून धूर सोडणारी. तिसरी रॉकेलची. कंदिलाच्या काचेला इंग्रज चिमणी म्हणत. आपल्याकडे ते नाव काच नसलेल्या, औषधाच्या बाटलीत वात घालून पेटवलेल्या आणि उघड्यावर काजळी सोडणाऱ्या दिव्यालाही चिकटलं. चौथी चिमणी आज गंगापूर रोडच्या शोरूममध्ये भिंतीवर ओळीने टांगलेली दिसते. काळी काच, तिरका चेहरा, हात हलवला की सुरू होणारी, आणि खाली चिकटवलेले दोन आकडे : ताशी १२०० घनमीटर आणि ५८ डेसिबल.

(पहिल्या चिमणीचं नाशिकशी खास नातं आहे. दरवर्षी २० मार्चला साजरा होणारा जागतिक चिमणी दिन २०१० मध्ये सुरू झाला, त्यामागे नाशिकचे मोहम्मद दिलावर आणि त्यांची नेचर फॉरएव्हर सोसायटी. ही चिमणी पुढे पुन्हा भेटेल, कारण तिला चौथ्या चिमणीचा पाइप फार आवडतो.)

स्वयंपाकघरातली ही चौथी चिमणी खरं म्हणजे चिमणी नाहीच. चिमणी म्हणजे गरम धूर आपणहून वर चढून जाईल अशी उभी वाट. त्यासाठी आपल्याकडे 'धुराडं' हा चांगला शब्द आहे. शोरूममधला खोका म्हणजे तेल अडवण्याची सोय असलेला जोरदार पंखा. धुराड्याला मोटर नव्हती, म्हणून त्याला आवाजही नव्हता. त्यामुळे 'कमी आवाजाची चांगली चिमणी कोणती?' हा प्रश्न दुकानदाराला विचारण्याआधी थोडा इतिहासाला विचारावा लागतो. आपल्या घरातला धूर आपणहून बाहेर जायचा कधी थांबला? आणि त्याला ढकलून बाहेर काढायची वेळ का आली?

अशोकस्तंभापासून गंगापूर रोड पश्चिमेकडे निघतो तेव्हा जुनं नाशिक त्याच्या पाठीशी राहतं. सराफ बाजार, तांबट लेन, गोदेच्या काठाकडे उतरणाऱ्या गल्ल्या, आणि त्यांतले अजून उभे असलेले थोडे वाडे. या वाड्यांत ओसरी पुढे, मग माजघर, आणि स्वयंपाकघर पार मागे. ते बहुधा अंधारं. जमिनीवर मातीची चूल, तिला जोडून वैल, बाजूला फुंकणी आणि सरपण. वरती नळीची कौलं. त्या कौलांच्या फटींतून धूर झिरपत जायचा. जिथे घरमालकाने मनावर घेतलं तिथे छपरात धुराडं ठेवलेलं असायचं, नाहीतर एखादं कौल उचकटून काम भागवलं जायचं. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केला आणि पुढे ती यंत्राची, एकमेकांत घट्ट बसणारी कौलं महाराष्ट्रभर पसरली. पाऊस आत यायचा थांबला. फटीही बुजल्या, त्यामुळे धुरासाठी वेगळी वाट ठेवणं आणखी गरजेचं झालं.

धुराचे फायदे होते, हेही सांगायला हवं. धुराने काळे पडलेले वासे कीड लागण्यापासून वाचत. बियाण्याची कणसं चुलीच्या वर टांगून ठेवत, त्यांना भुंगा लागत नसे. म्हणजे घराचं छप्पर आणि पुढच्या वर्षीचं बी यांना धूर हवा होता. तो नको होता तो चुलीपुढे बसलेल्या बाईला, आणि तिचं मत कुणी विचारलेलं नव्हतं.

गंगापूर रोडने पुढे गेलं की गोदावरीकाठी जलालपूर लागतं. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म इथला, १८६८ चा. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये वडिलांच्या सोवळ्याची हकिगत आहे. बाजारातून घरात आलेली वस्तू धुतल्याशिवाय त्यांना चालत नसे, आणि या हट्टापायी घरातली माणसं मेटाकुटीला येत. ते प्रकरण वाचताना हसू येतं, मग येत नाही. त्या काळच्या स्वयंपाकघरात पाणी, धान्य, भांडी, वस्त्र, सावली, स्पर्श या सगळ्यांचे नियम होते. हवेचा नियम नव्हता. धूर विटाळात कधीच मोजला गेला नाही.

धुराडं चालतं कसं, हे इथेच पाहून घेऊ, कारण पुढचा सगळा आवाज या हिशेबातून येतो. गरम हवा हलकी असते. तीन मीटर उंच धुराडं, आत शंभर अंशांचा धूर, बाहेर तीस अंशांची हवा, असं धरलं तर खालच्या तोंडाशी साधारण सहा पास्कलची ओढ तयार होते. पाण्याच्या एक मिलिमीटर थराचा दाबही याहून जास्त असतो. एवढ्याशा ओढीवर चुलीचा धूर निघून जातो. अट इतकीच की वाट उभी, रुंद आणि मोकळी हवी, आणि धूर गरम हवा.

ही साधी गोष्ट गरिबाच्या चुलीपर्यंत नेण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रात, वर्ध्याला झाला. १९३४ च्या अखेरीस गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार, आणि ठाणं मगनलाल गांधींच्या नावाची मगनवाडी. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या यांच्या जोडीला तिथे चुलीवरही काम झालं आणि 'मगन चूल' तयार झाली. मातीचीच, पण एका आगीवर एकाहून जास्त भांडी ठेवता येणारी आणि नळीतून धूर बाहेर सोडणारी. त्याच सुमारास हैदराबादच्या सरकारी अभियांत्रिकी प्रयोगशाळेत एस. पी. राजू अशाच चुलीवर काम करत होते. १९५३ मध्ये त्यांची पुस्तिका निघाली, तिच्या नावाचा अर्थ 'लाखोंसाठी निर्धूर स्वयंपाकघर'. देश नुकताच स्वतंत्र झालेला, धरणं आणि पोलाद कारखान्यांच्या गप्पा चाललेल्या, आणि एक इंजिनिअर चुलीच्या नळीचा व्यास ठरवत बसलेला. मला हा माणूस फार आवडतो.

पुढे ऐंशीच्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. 'निर्धूर चूल' हा शब्द मराठी गावांत पोचला तो तेव्हा. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेनेही सुधारित चुलींवर बरंच काम केलं. साधारण त्याच काळात कर्क स्मिथ या शास्त्रज्ञाने गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर हवेचे नमुने घेणारी छोटी यंत्रं बांधून त्यांच्या श्वासात नेमकं काय जातं ते मोजलं. १९८३ मध्ये ते आकडे छापून आले, तोवर या धुराकडे जगाने आजाराचं कारण म्हणून फारसं पाहिलं नव्हतं. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख लोक दगावले.

नळी लावल्याने खरंच फरक पडतो का? पडतो. चीनच्या युन्नान प्रांतातल्या श्वानवे भागात लोक घरात उघड्यावर धुरकट कोळसा जाळत. तिथल्या २१ हजारांहून अधिक शेतकऱ्यांची माहिती तपासून २००२ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला : ज्यांनी धुराडं असलेली शेगडी बसवली त्यांच्यात पुढे फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण ठळकपणे घटलं. दुसरीकडे ओडिशात एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी सुधारित चुलींचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. तिथे पहिल्या वर्षी श्वासातला धूर कमी झाला, नंतर फायदा विरून गेला. लोकांनी चुली नीट वापरल्या नाहीत, नळ्या साफ केल्या नाहीत, दुरुस्त्या केल्या नाहीत. हे दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचा आणि मग आपल्या ओट्यावरच्या, सहा महिन्यांपासून बंद असलेल्या चिमणीकडे पाहा.

आता आवाजाकडे. स्वयंपाकघरात यंत्राचा पहिला आवाज आला तो स्टोचा. १८९२ मध्ये स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट यांनी प्रायमस बनवला. रॉकेलला पंपाने दाब द्यायचा, त्याची वाफ करून जाळायची. पितळी टाकी, पिन आणि भर्रर्र असा घोष. या स्टोचे दोन प्रकारचे बर्नर मिळत, एक गरजणारा आणि एक शांत. म्हणजे 'कमी आवाजाचं मॉडेल आहे का?' हा प्रश्न शंभर वर्षं तरी जुना आहे. चाळीत सकाळी कुणाचा स्टो पेटला हे भिंतीपलीकडून कळायचं. वातीचा स्टो मुका असायचा, पण त्याचा वास आणि काजळी पोळीपर्यंत यायची.

मग गॅस. १९५५ मध्ये बर्मा शेल कंपनीने मुंबईत 'बर्शेन' नावाने सिलिंडरचा गॅस आणला. पुढची तीसेक वर्षं तो मध्यमवर्गाला स्कूटर आणि टेलिफोनसारखा नंबर लावून मिळत होता. गॅसबरोबर घराचा नकाशाही बदलला. बसून करायचा स्वयंपाक कडाप्प्याच्या ओट्यावर उभ्याने होऊ लागला, आणि मागच्या अंधारातलं स्वयंपाकघर पुढे सरकत हॉलच्या शेजारी आलं. 'गॅसला धूर नसतो' म्हणत आर्किटेक्टने धुराडं नकाशातून पुसून टाकलं. चुलीच्या बाबतीत ते पटण्यासारखं होतं. फोडणीच्या बाबतीत नाही. मोहरी, हिंग, मिरची तापल्या तेलात पडली की उडतात ते तेलाचे अतिसूक्ष्म थेंब, आणि ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड वेगळा. उंच तापमानावर तळताना निघणाऱ्या वाफांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 'माणसात कर्करोग करण्याची बरीच शक्यता' असलेल्या गटात ठेवलं आहे. लाकडाच्या धुरापुढे हे कमीच, पण दिवाळीचा चिवडा आणि चकल्या चार दिवस तळणाऱ्या बाईला तो फरक समजावून सांगायला मी जाणार नाही.

गंगापूर रोड वाढला तो याच गॅसच्या काळात. १९६५ मध्ये गंगापूर धरण पूर्ण झालं. साठच्या दशकात ओझरला विमान कारखाना आला, सातपूरला औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९६९ मध्ये रस्त्याच्या तोंडाशीच केटीएचएम कॉलेज सुरू झालं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्लॉट पडले, बंगले झाले. त्या बंगल्यांतली स्वयंपाकघरं अजून पाहायला मिळतात. ओट्याच्या वर खिडकी, खिडकीच्या वर सिमेंटची जाळी, मागे परसात लिंबू आणि कढीपत्ता. गरम हवा जाळीतून जाई, थंड हवा मागच्या दारातून येई. कुणी फार तर एक्झॉस्ट फॅन बसवे, तोही पावसाळ्यात गंजून बसे.

१९८२ मध्ये महानगरपालिका झाली, पुढे बंगल्यांच्या जागी अपार्टमेंट आली, आणि रस्ता जेहान सर्कल, आनंदवल्ली, सोमेश्वर करत बारदान फाट्यापर्यंत भरत गेला. आनंदवल्ली म्हणजे राघोबादादा आणि आनंदीबाईंच्या वास्तव्याची जागा; आता तिथे बारा-चौदा मजली इमारती आहेत. या इमारतींतल्या स्वयंपाकघराची मागची भिंत बहुतेकदा शेजाऱ्याची असते. खिडकी उघडते ती ड्राय बाल्कनीत, जिथे वॉशिंग मशीन आहे. नव्या घरांत तर किचन आणि हॉल यांच्यात भिंतच नाही. वाड्यातल्या मागच्या खोलीत कितीही आवाज झाला तरी ओसरीवरच्या बैठकीला तो पोचत नसे. खुल्या किचनमध्ये चिमणी लावली की टीव्हीचा आवाज वाढतो, मग बोलण्याचा, आणि शेवटी कुणीतरी ओरडतं, 'अगं, ती चिमणी बंद कर!' ती बंद होते. धूर हॉलभर पसरतो, सोफ्याच्या कापडात बसतो. आवाज हा चैनीचा मुद्दा नाही तो एवढ्यासाठी. जी चिमणी सहन होत नाही ती चालवली जात नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत, दाराची बेल ऐकू येत नाही, कानाला यंत्र लावलेल्या आजीला तर तिथे उभंच राहवत नाही. माझ्या पाहण्यातल्या निम्म्या चिमण्यांचा दिवा तेवढा नियमाने लागतो.

आणि हो, याच रस्त्याच्या टोकाला रविवारी सकाळी 'चुलीवरची मिसळ' खायला गाड्यांची रांग लागते. तुमच्यापैकी अनेकांनी पेटती चूल तिथेच पाहिली असेल. धुराची चव आपण पैसे मोजून घेतो. चुलीपुढची बाई तिथेही बहुधा बाईच असते.

आजच्या खोक्याचं माहेर इटलीत शोधायला लागतं. फाब्रियानो हे तिथलं छोटं गाव कागदासाठी प्रसिद्ध आहे. कागदातलं जलचिन्ह, वॉटरमार्क, तेराव्या शतकात इथल्या कारागिरांनी रुळवलं. ज्या शहराच्या नाशिकरोड भागात १९२८ पासून नोटा छापल्या जातात, त्या शहराच्या वाचकाला हे सांगायलाच हवं. याच फाब्रियानोत १९५५ मध्ये फाबर आणि १९७० मध्ये एलिका या कंपन्या सुरू झाल्या, आणि विजेच्या पंख्याने चालणारी स्वयंपाकघरातली हूड हा या गावाचा धंदा झाला. दोन्ही नावं पुढे भारतात आली. इटलीत या वस्तूला 'काप्पा' म्हणतात, म्हणजे झूल किंवा टोपी. आपण तिला चिमणी म्हटलं आणि तिच्याकडून धुराड्याची अपेक्षा धरली. तिथेच घोटाळा झाला.

कारण गॅसवरची वाफ चुलीच्या धुरासारखी गरम नसते. ओट्यापासून दोन-अडीच फूट वर जाईपर्यंत तिच्यात खोलीतली थंड हवा मिसळून ती कोमट होते. वरचा पाइप उभा नसून आडवा, कपाटांवरून वळत जाणारा. म्हणजे धुराड्याच्या दोन्ही अटी गेल्या, उंची आणि उष्णता. मग पंख्याला जोर लावावा लागतो, आणि जोर म्हणजे आवाज. इथे दुकानातला पहिला आकडा उपयोगी पडतो, पण उलट्या बाजूने.

दहा बाय आठ फुटांचं, साडेनऊ फूट उंच स्वयंपाकघर घ्या. त्यात साधारण २१ घनमीटर हवा मावते. ताशी १२०० घनमीटर म्हणजे मिनिटाला २०, जवळजवळ अख्ख्या खोलीची हवा दर मिनिटाला. घरच्या रोजच्या स्वयंपाकाला एवढी ओढ कोणालाच लागत नाही. ताशी ४०० मिळाली, आणि ती खरोखर धुरावर लागली, तरी पुरे. शिवाय हा १२०० चा आकडा बहुधा पाइप न लावता, मोकळ्यावर मिळणारा असतो. आता ती १२०० घनमीटर हवा सहा इंची पाइपातून ढकलायची म्हटली तर आत ताशी ६८ किलोमीटरचा वारा वाहतो. सुताराने कपाटात बसावा म्हणून चार इंची पाइप टाकला तर हिशेबाने वेग होतो ताशी १५३ किलोमीटर. तो प्रत्यक्षात गाठला जात नाही; त्याआधीच मोटर धापा टाकते आणि पाइप शिट्टी वाजवतो. उलट सहा इंची पाइपात ताशी ४०० घनमीटर म्हणजे जेमतेम २३ किलोमीटरची झुळूक.

म्हणून माझं मत असं की आवाज विकत घेतला जातो तो पाइपाच्या दुकानात, चिमणीच्या नव्हे. पाइप सहा इंची हवा, शेवटपर्यंत सहा इंची. शक्यतो आतून गुळगुळीत, कडक पीव्हीसी किंवा पत्र्याचा. घड्यांचा ॲल्युमिनियम पाइप लावायचाच झाला तर पूर्ण ताणून. एक काटकोनी वळण म्हणजे काही मीटर सरळ पाइप वाढवल्यासारखं, तेव्हा दोनापेक्षा जास्त वळणं आली तर ओट्याची जागा बदलता येते का ते आधी पाहा. पाइप ड्राय बाल्कनीत सोडून देऊ नका. तिथून वास परत घरात येतो, धुतलेल्या कपड्यांत बसतो.

दुसरा आकडा डेसिबलचा. हे मोजमाप सरळ चढत नाही. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. ५८ आणि ६८ मधला फरक म्हणूनच 'दहाच' नसतो. पण खोक्यावरचे ५८ कुठल्या वेगावरचे? हे विचाराच. युरोपात २०१५ पासून प्रत्येक हूडवर सरकारी लेबल असतं, त्यात विजेबरोबर तेल अडवण्याची क्षमता आणि आवाजही ठरावीक पद्धतीने मोजून छापावा लागतो. आपल्याकडच्या खोक्यावरचा आकडा कमीत कमी वेगाचा असू शकतो. त्यापेक्षा दुकानात सगळ्यात वरच्या वेगावर चालवून दाखवायला सांगा, समोर उभं राहून नेहमीच्या आवाजात बोला, पलीकडच्याला ऐकू आलं का बघा. अर्थात दुकानातल्या चिमणीला पाइप नसतो, घरी ती थोडी जास्तच बोलेल.

पंख्याचा एक नियम इथे आपल्या बाजूने आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणून मोठी मोटर हळू चालवणं हे लहान मोटर रेटण्यापेक्षा शांत. १२०० वाली चिमणी घ्यायची ती १२०० वर चालवायला नाही, दुसऱ्या वेगावर चालवायला. नव्या बीएलडीसी मोटरच्या चिमण्या यासाठीच बऱ्या : वीज कमी, वेगाच्या पायऱ्या जास्त, गुणगुण कमी. परदेशात काही घरांत मोटर ओट्यावर न ठेवता पाइपाच्या बाहेरच्या टोकाला ठेवतात. आपल्याकडे ते फारसं कुणी करत नाही, पण बंगल्यात राहत असाल तर जरूर विचारा.

आणि परिणाम? अमेरिकेतल्या बर्कले प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०१२ मध्ये घरगुती हूड तपासल्या. काही हूड निघालेल्या वाफेचा १५ टक्केही भाग पकडत नव्हत्या, तर काही ९८ टक्क्यांहून जास्त पकडत होत्या. मागच्या बर्नरवरचा धूर पुढच्यापेक्षा चांगला पकडला जात होता. हे फुकटात वापरता येतं : फोडणी आणि तळण मागच्या बर्नरवर करा. चिमणीची रुंदी शेगडीपेक्षा कमी नको. दोन बर्नरला ६० सेंटिमीटर, तीन-चार बर्नरला ९०. शेगडीपासून उंची ६५ ते ७५ सेंटिमीटर. त्याहून वर नेली की धूर बाजूने निसटतो आणि मग आपण वेग वाढवत बसतो. तिरक्या काचेच्या चिमण्या दिसायला छान असतात, डोकं आपटत नाही, पण धूर क्षणभर साठवायला त्यांना पोटच नसतं. खालून खोलगट असलेली जुन्या घाटाची चिमणी मला जास्त भरवशाची वाटते. वरचा सीलिंग फॅन तेवढ्या वेळ बंद ठेवा, तो धूर चिमणीपासून पळवून लावतो.

बारीक जाळीचा फिल्टर आपल्या तळणाला टिकत नाही, लवकर तुंबतो. तुंबला की हवा कमी, आवाज जास्त. स्टीलच्या पट्ट्यांचा बॅफल फिल्टर गरम पाणी आणि साबणाने महिन्या-दोन महिन्यांनी घासता येतो. 'ऑटो क्लीन' म्हणजे आतल्या पंख्यावरचं तेल तापवून पातळ करायचं आणि वाटीत गोळा करायचं. वाटी आपणच रिकामी करायची असते, आणि पाइप त्यात साफ होत नाही. पाइप न लावता कोळशाच्या फिल्टरवर चालणाऱ्या चिमण्या तेल आणि थोडा वास अडवतात. वाफ, उष्णता आणि ज्योतीतले वायू परत तुमच्याच तोंडावर सोडतात. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायची परवानगीच नसेल तर खिडकीतला साधा एक्झॉस्ट फॅन त्यापेक्षा बरा.

एक गोष्ट बऱ्याच घरांत राहून जाते. जेवढी हवा बाहेर जाईल तेवढी कुठूनतरी आत यायला हवी. दारं-खिडक्या घट्ट लावून चिमणी सुरू केली की ती उपाशी राहते, नुसती गुरगुरते, आणि बाथरूमच्या जाळीतून वास ओढून आणते. समोरची खिडकी चार बोटं उघडा. आवाज तिथल्या तिथे बदललेला ऐकू येईल. कढई तापण्याआधी चिमणी सावकाश वेगावर लावा आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं तशीच राहू द्या. कमी वेग, जास्त वेळ.

सध्या गंगापूर रोडवर जुने बंगले आणि तीन मजली सोसायट्या पाडून पुनर्विकास चालू आहे. तुमच्या घराचा नंबर त्यात लागला असेल तर नकाशा हातात येताच बिल्डरला विचारा : किचनच्या बाहेरच्या भिंतीत सहा इंची वाट ठेवली आहे का, आणि ती बीमच्या खाली येते की बीममध्ये? बीम नंतर कापता येत नाही, कापू देऊही नये. टाइल्स लागल्यावर विचारलं तर उत्तर चार इंच आणि तीन वळणं असंच येतं.

त्या भोकाला बाहेरून झडप बसवतात, हवा सुटली की उघडणारी आणि बंद झाली की मिटणारी. तिच्यावर मच्छरदाणीसारखी बारीक जाळी लावू नका, तेलाने ती थोड्याच दिवसांत बुजते. बोट जाईल एवढ्या फटीची जाळी पुरते. तेवढ्यातून पहिली चिमणी आत शिरत नाही. दिलावर यांची संस्था लाकडी घरटी देते, त्यातलं एक शेजारी टांगलं तर उत्तमच. आणि जाळी लावायच्या आधीच पाइपात काड्या आणि चिवचिवाट असेल, तर पिल्लं उडून जाईपर्यंत मोटर सुरू करू नका. तेवढे दिवस खिडकी उघडी ठेवा आणि फोडणी मागच्या बर्नरवर.